केंटच्या किनाऱ्यावरचे काँक्रीटचे कान: कुठे जावे, कुठे उभे राहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. साठी ओलांडलेले पुण्याचे एक जोडपे जून ते ऑगस्ट लंडनला मुलीकडे राहणार आहे. इंग्लंडच्या केंट परगण्यात समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या काँक्रीटच्या अवाढव्य वाट्यांचे फोटो त्यांनी पाहिले आहेत. त्या वाट्या नक्की कशासाठी होत्या, एका दिवसात किती पाहून होईल, एकाला गुडघ्याचा त्रास आहे तर जमेल का, आणि विजापूरच्या गोल घुमटासारखा तिथे आवाज घुमतो का, असे त्यांनी विचारले आहे.

आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते कळले की बाकीचे सोपे होते. गोल घुमटात कुजबुज भिंतीला धरून फिरते आणि पलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या कानाशी येते. केंटच्या वाट्यांचे काम वेगळे आहे. दुरून येणारा मंद आवाज त्या झेलतात आणि समोरच्या एका लहानशा जागी गोळा करतात. शाळेत अंतर्वक्र आरशाची आकृती काढायचो, ध्रुव, नाभी आणि वक्रता केंद्र दाखवून, तीच ही आकृती. प्रकाशाच्या जागी ध्वनी, काचेच्या जागी काँक्रीट. इंग्रजीत त्यांना साउंड मिरर म्हणतात, आपण ध्वनी-आरसे म्हणू. येणारे बहुतेक जण वाटीत बसून फोटो काढतात आणि निघतात. पण ऐकणारा माणूस कधीच वाटीत बसत नव्हता. त्याची जागा वाटीच्या समोर होती, आज जिथे नुसती हवा आहे तिथे. ती जागा शोधून तिथे उभे राहिल्याशिवाय हा आरसा पाहिला असे म्हणता येत नाही.

हे बांधले कोणी आणि का? 19 जानेवारी 1915 च्या रात्री जर्मनीच्या झेपेलिन विमाननौकांनी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, ग्रेट यारमथ आणि किंग्ज लिन या गावांवर बॉम्ब टाकले. रात्री किंवा ढगांत शत्रू दिसत नाही, पण त्याच्या इंजिनांचा आवाज लपत नाही. मग आधी चुनखडीच्या कड्यात खोबणी कोरून ऐकण्याचे प्रयोग झाले. त्यानंतर ईशान्य किनाऱ्यावर 15 फूट व्यासाच्या काँक्रीटच्या वाट्या उभ्या राहिल्या. 25 मे 1917 च्या संध्याकाळी गोथा बॉम्बफेकी विमानांनी फोकस्टन शहराच्या टॉन्टीन स्ट्रीटवर, खरेदीच्या गर्दीत, बॉम्ब टाकला. त्या एका हल्ल्यात शहरात सत्तरच्या वर माणसे मेली. तुम्ही फोकस्टन स्टेशनवर उतरणारच आहात, तर तो रस्ता आणि तिथली स्मृतिपाटी पाहूनच पुढे जा. कड्यावर एवढे काँक्रीट का ओतले, ते त्या अरुंद रस्त्यावर नीट समजते.

युद्ध संपल्यावरही काम थांबले नाही. डॉ. विल्यम सॅन्सम टकर यांनी पहिल्या महायुद्धातच तोफांची जागा शोधण्यासाठी तापलेल्या तारेचा मायक्रोफोन बनवला होता. एका पोकळ भांड्याच्या तोंडाशी बारीक तार, तिच्यातून वीज जाऊन ती तापलेली. खर्जातला आवाज आला की भांड्याच्या तोंडातली हवा मागेपुढे हलते, तार किंचित थंड होते, तिचा विद्युत रोध बदलतो आणि तो बदल मोजता येतो. भांड्याचे माप ठरवून हवा तोच सूर पकडता येत असल्याने माणसांचे बोलणे त्यात येत नसे. टकर यांच्याच देखरेखीखाली 1920 च्या दशकात आणि 1930 पर्यंत केंटच्या किनाऱ्यावर 20 फुटी, मग 30 फुटी आणि शेवटी 200 फुटी आरसे उभे राहिले.

माप का वाढत गेले? तिथे उभे असताना हे डोक्यात असले पाहिजे. आरशाने आवाज नीट गोळा करायचा तर आरसा त्या आवाजाच्या तरंगलांबीपेक्षा बराच मोठा हवा. माणसाच्या आवाजातला 300 हर्ट्झचा सूर घेतला तर त्याची तरंगलांबी साधारण 1.1 मीटर. 20 फुटी, म्हणजे 6.1 मीटरच्या वाटीत अशा पाच-साडेपाच लाटा बसतात, वाटी छान काम करते. पण दूरच्या विमानाचा जो घरघराट हवेतून तगून येतो तो खर्जातला असतो. 75 हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी साडेचार मीटर भरते. सहा मीटरच्या वाटीत ती जेमतेम सव्वा वेळा बसते. मग आवाज एका बिंदूत न येता पसरतो आणि दिशा धूसर होते. म्हणून 200 फुटांची भिंत.

वाटी गोलाचाच भाग का, पॅराबोला (टॉर्चमागच्या आरशासारखा आकार) का नाही, असाही प्रश्न येतो. पॅराबोलाची नाभी धारदार असते, पण ती समोरून सरळ येणाऱ्या आवाजापुरती. गोलाच्या आरशाची नाभी थोडी पसरट असते, मात्र आवाज बाजूने आला तर नाभीही बाजूला सरकते आणि काम देत राहते. आरसा टनावारी वजनाचा, तो फिरवणे अशक्य. मग ऐकणारा आपला कर्णा वाटीसमोर डावी-उजवीकडे, वर-खाली फिरवायचा. आवाज जिथे सर्वांत मोठा लागेल तिथे कर्ण्याचा कोन वाचायचा, आणि तीच विमानाची दिशा. कर्ण्याच्या नळ्या डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारख्या कानात घातलेल्या असत.

या आरशांचा अंत कशाने झाला, ते आकडे मांडूनच पाहा. हवा चांगली असेल तर वीसेक मैलांवरचे, म्हणजे 32 किलोमीटरवरचे विमान ऐकू येई. ताशी 80 मैलांच्या विमानाला ते अंतर कापायला पंधरा मिनिटे लागत. 1930 च्या दशकात वेग ताशी 250 मैलांवर गेला आणि हाती पाच मिनिटेही उरेनात. त्यात आवाजालाच 32 किलोमीटर यायला दीड मिनिट लागते, तेवढ्यात विमान दहा किलोमीटर पुढे आलेले असते. वारा, बोटींची इंजिने, वाढती मोटार वाहतूक यांची भर वेगळीच. 26 फेब्रुवारी 1935 ला डॅव्हेंट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनी रेडिओ लहरींनी विमान टिपून दाखवले (हेच पुढे रडार झाले) आणि आरशांचे दिवस भरले. तरी हा पैसा पाण्यात गेला असे समजू नका. किनाऱ्यावर टेहळणीची साखळी, तिथून फोनने मध्यवर्ती खोलीत बातमी, तिथे नकाशावर नोंद, ही सगळी घडी आरशांच्या काळात बसवून पाहिलेली होती, रडारला ती आयती मिळाली.

आता प्रत्यक्ष जाण्याविषयी. एकच जागा पाहायची असेल तर ॲबट्स क्लिफची पाहा. फोकस्टन आणि डोव्हरच्या मध्ये, चुनखडीच्या कड्यावर, 1928 चा 20 फुटी आरसा आहे. तिकीट नाही, फाटक नाही, वेळ नाही. किनाऱ्याची सार्वजनिक पायवाट अगदी जवळून जाते. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून वेगवान गाडीने फोकस्टन सेंट्रल तासाभरात येते. तिथून बसस्थानकावर जाऊन डोव्हरकडे जाणारी 102 क्रमांकाची बस धरा आणि कॅपल-ल-फर्न गावात उतरा. जाण्याच्या आदल्या दिवशी वेळापत्रक पाहा, रविवारी फेऱ्या कमी असतात. गावाच्या पश्चिम टोकाला ‘बॅटल ऑफ ब्रिटन’चे, म्हणजे 1940 च्या हवाई लढाईचे, स्मारक आहे. तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून कड्याच्या वाटेने पूर्वेकडे चालायला लागा. अंतर अडीच ते तीन किलोमीटर. वाट गवताची, थोडी खालीवर, पण मोठा चढ नाही. गुडघ्याला पट्टा आणि हातात काठी असेल तर जाऊन-येऊन अडीच तास धरा. नकाशा लागतोच, तो ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेच्या एक्सप्लोरर मालिकेतला 138 क्रमांकाचा घ्या. नकाशावरच्या चौकटींच्या जाळीतली जागा टीआर 271 387.

तिथे पोहोचल्यावर काय करायचे, ते सविस्तर सांगतो.

आधी आरशाच्या मागे जा, पुढे नको. मागच्या काँक्रीटवर आडव्या रेघा दिसतील. त्या सेंटरिंगच्या फळ्यांच्या खुणा. फळीची रुंदी मोजता येते, कुठे लाकडाची रेष आणि गाठसुद्धा उमटलेली असते. पुढची बाजू मात्र गिलावा करून गुळगुळीत केलेली होती. आज तिचे पोपडे निघाले आहेत आणि आतली खडी दिसते. आपल्याकडच्या काळ्या फोडीव खडीशी तिची तुलना करा. किनाऱ्यावरचे गोटे वापरलेले असले की खडी वाटोळी, गुळगुळीत, मधाच्या किंवा राखी रंगाची दिसते, कारण ते गोटे गारगोटीचे असतात. तांबूस ओघळ दिसला तर त्याच्या वरच्या टोकाला बोट न लावता नीट पाहा. तिथे सळई गंजून फुगली आहे आणि तिने वरचे काँक्रीट ढकलून फोडले आहे. मुंबईच्या समुद्राकाठच्या इमारतींत स्लॅबच्या खाली जे होते तेच इथे होत आहे, खारे वारे सळईपर्यंत पोहोचले की दुसरे काही होत नाही. पोपडा निघालेली, खडबडीत वाटी आता आवाज कसा गोळा करणार, अशी शंका येईल. पण खाचखळगे सेंटिमीटरचे आणि लाट मीटरची, त्यामुळे आवाजाला ते जाणवतच नाहीत. वाटीचा एकूण आकार शाबूत आहे तोवर आरसा जिवंत आहे.

मग ऐकण्याचा प्रयोग. इथे एक गोष्ट आधी बजावतो: आरशाकडे तोंड करून मागे मागे सरकायचे नाही. तुमच्या पाठीशी कडा आहे, त्याला कठडा नाही आणि चुनखडी कुठून सुटेल ते वरून कळत नाही. कड्यापासून निदान पाच मीटर आत राहून, वाटीच्या मध्यासमोरची सुरक्षित जागा आधी डोळ्यांनी ठरवा. तिथे चालत जा आणि तिथून हळूहळू वाटीकडे या. चालताना एकाच पट्टीत ‘आ’ लावा किंवा सलग आकडे म्हणत राहा. एका ठिकाणी तुमचाच आवाज अचानक जवळून, जणू समोर कोणी उभे आहे असा परत येईल. ते वक्रता केंद्र. तिथून निघालेला आवाज तिथेच परततो. इतके मागे जायला सुरक्षित जागा नसेल तर हा भाग सोडून द्या. आता तिथून वाटीपर्यंतचे अंतर पावलांनी मोजा आणि निम्म्यावर या. ती नाभी. इथे बोलायचे नाही, ऐकायचे. पाठ समुद्राकडे, तोंड वाटीकडे, डोळे मिटून. दूरच्या बोटीचे इंजिन, खाली लाटांचे खळखळणे, एखादे लहान विमान, हे सगळे पाठीमागून येण्याऐवजी समोरून, वाटीतून येते असे वाटू लागते. डोके वीतभर डावीकडे नेले की बोटीचा आवाज विरतो आणि दुसरेच काहीतरी उमटते. ऐकणारा दिशा कशी शोधत असे, ते या वीतभर हालचालीत आहे. वाऱ्याच्या दिवशी यातले काहीच नीट होत नाही, कारण कानावरच वारा घोंघावतो. सकाळी नऊ-दहाच्या आधी, मंद वाऱ्यात, सर्वांत चांगले. फोटोंसाठीही तीच वेळ बरी, आरशाचे तोंड समुद्राकडे असल्याने सकाळचे ऊन थेट वाटीत पडते आणि दुपारनंतर ती सावलीत जाते.

डेंजचे आरसे हे या सगळ्यांतले सर्वांत मोठे आकर्षण, आणि सर्वांत जास्त निराशाही तिथेच होते, कारण लोक न विचारता जातात. रॉमनी मार्शच्या दक्षिण टोकाला, ग्रेटस्टोन आणि लेड या वस्त्यांच्या मागे, खडी काढून तयार झालेल्या तळ्यात एक बेट आहे. त्यावर तिन्ही पिढ्या एका ओळीत उभ्या आहेत: 1928 ची 20 फुटी उथळ वाटी, 1930 ची 30 फुटी खोलगट वाटी आणि 1930 चीच 200 फुटी वक्र भिंत. खडीच्या खाणी आरशांच्या पायापर्यंत आल्या होत्या. 2003 मध्ये डागडुजी झाली आणि नासधूस टाळण्यासाठी मधला फिरता पूल एरवी बंद ठेवला जाऊ लागला. हा भाग पक्षिसंरक्षण करणाऱ्या आरएसपीबी संस्थेच्या अभयारण्यात येतो. बेटावर जाता येते ते वर्षातल्या मोजक्या खुल्या दिवशी, आणि ते बहुतेक उन्हाळ्यात असतात. म्हणून तुमच्या सहलीची तारीख डेंजच्या खुल्या दिवसावरून ठरवा, बाकीचे सगळे त्याभोवती बसवा. एरवी पोहायचे-तरायचे धाडस करून बेट गाठणारे दिसले तरी त्यांच्या नादी लागू नका. खाणीच्या तळ्याचा काठ पाण्याखाली एकदम तुटतो आणि पाणी जूनमध्येही गार असते.

खुला दिवस जुळला नाही तरी जायला हरकत नाही. तळ्याच्या काठाच्या वाटेवरून तिन्ही आरसे दिसतात, 8×42 ची दुर्बीण असेल तर काँक्रीटच्या भेगासुद्धा. पण पायाखाली सगळीकडे सुटे गोटे आहेत. दोन किलोमीटर चालायला चारचे श्रम पडतात, पाऊल रुतते आणि घोटा मुरगळतो. गुडघा दुखरा असेल तर जाड तळव्याचे, घोटा धरणारे बूट हवेत, सँडल अजिबात नको.

भिंतीजवळ जाता आले तर तिची मापे मनात ठेवून पाहा. लांबी 61 मीटर, उंची सुमारे 8 मीटर, आडवी वळते तशी उभीही किंचित वळते. वक्रतेची त्रिज्या 150 फूट, म्हणजे नाभी साधारण 75 फुटांवर, तेवीस मीटर पुढे. भिंतीसमोर काँक्रीटचे उतरते अंगण आहे आणि मायक्रोफोन तिथे ओळीने मांडत, कारण इतक्या लांब भिंतीची नाभी एका बिंदूत न राहता पट्ट्यासारखी पसरते. कोणत्या मायक्रोफोनवर आवाज जास्त, त्यावरून विमानाची दिशा. या भिंतीसमोर टाळी वाजवून फारसे काही कळत नाही, टाळीचा आवाज फार उंच पट्टीतला. तेवीस मीटरवर उभे राहून जवळच्या डंजनेस या भूशिराच्या बाजूने जाणाऱ्या एखाद्या लहान विमानाची वाट पाहा. लिडचा विमानतळ शेजारीच आहे, त्यामुळे बहुधा फार थांबावे लागत नाही.

डेंजला पोहोचण्याचा एक लोभस मार्ग म्हणजे रॉमनी, हाइथ अँड डिमचर्च ही 1927 ची छोटी रेल्वे. माथेरानची गाडी दोन फुटी रुळांवर धावते, हिचे रूळ 15 इंचांचे, सव्वा फुटी. दुसऱ्या महायुद्धात याच रुळांवर एक चिलखती गाडीही फिरत होती. हाइथहून बसून रॉमनी सँड्स स्टेशनवर उतरलात की आरसे दोनेक किलोमीटरवर. शेवटची परतीची गाडी किती वाजता ते उतरतानाच विचारून घ्या, दुपारनंतर गाड्या लवकर संपतात. पायवाटांसाठी इथला नकाशा 125 क्रमांकाचा, जागा टीआर 075 214.

तिसरी जागा फॅन बे, डोव्हरच्या पूर्वेला. तिथे एकाच कड्यात दोन आरसे आहेत, एक 1917 चा आणि दुसरा नंतरचा, मोठा. 1970 च्या दशकात ते मातीखाली गाडले गेले होते, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने जमीन घेतल्यावर 2014 मध्ये ते पुन्हा उघडे केले. तिथे जाण्याचा मार्ग दुसऱ्या महायुद्धातल्या तोफखान्याच्या सैनिकांसाठी खोदलेल्या भुयारी निवाऱ्यातून जातो: 125 पायऱ्या, 23 मीटर खाली, डोक्याला हेल्मेट आणि दिवा, सोबत वाटाड्या. फेऱ्या हंगामातच असतात आणि जागा मर्यादित. पायऱ्या तीव्र आहेत आणि परत येताना तितक्याच चढायच्या आहेत. तुमच्यापैकी ज्यांचा गुडघा दुखतो त्यांनी वर लँग्डन क्लिफच्या केंद्रात चहा घेत थांबावे, असेच मी सुचवेन. हाइथच्या ‘द रफ्स’ टेकडीवरचे आरसे लष्करी हद्दीत आहेत. त्यांतला 30 फुटी अजून उभा आहे, तो खालच्या रॉयल मिलिटरी कॅनॉलच्या बाजूने, लांबूनच पाहावा. लाल बावटा दिसला की तिथे गोळीबाराचा सराव चालू आहे असे समजायचे आणि पुढे जायचे नाही.

ईशान्येकडचे पहिल्या महायुद्धातले आरसे वेगळ्या घडणीचे. जाड काँक्रीटची पाटी, तिच्यात 15 फुटी वाटी, तोंड किंचित आकाशाकडे कललेले, कारण झेपेलिन उंचावरून येत. सन्डरलंडजवळ फुलवेल, रेडकारला चक्क घरांच्या वस्तीत, बोलबीला कड्याजवळच्या शेतात, आणि हंबर नदीच्या मुखाशी किलन्सीला. यांतले किलन्सीचे मला सर्वांत बोलके वाटते, कारण कर्णा ज्यावर बसवत तो खांब वाटीसमोर अजून उभा आहे. नाभी कुठे होती ते तिथे शोधावे लागत नाही. आरसा शेतात आहे, पिकातून चालत जाऊ नका, वाटेवरून चांगला दिसतो. पण लंडनहून ही एका दिवसाची सहल नव्हे, हल शहरात मुक्काम करून मोटारीने जायला हवे. ब्रिटनबाहेर असा आरसा एकच बांधला गेला, तो माल्टामध्ये मगताबला, 200 फुटी, सिसिलीच्या दिशेने तोंड केलेला. तिथले लोक त्याला ‘इल-विदना’, म्हणजे ‘कान’, म्हणतात.

वाटेत तुम्हाला काँक्रीटच्या बुटक्या षटकोनी खोल्याही दिसतील, त्यांना आरशांशी जोडू नका. त्या 1940 च्या उन्हाळ्यातल्या पिलबॉक्स, जर्मन आक्रमणाच्या भीतीने घाईघाईने बांधलेल्या. सुमारे 28,000 बांधल्या असे मानतात. सगळ्या बाजू सारख्या असतील तर ती 22 नंबरची, दाराची बाजू लांब असेल तर 24 नंबरची. आत वाकून पाहिले तर मध्ये एक भिंत असते, आत आलेली गोळी उसळून सगळ्यांना लागू नये म्हणून. आत जाण्याआधी टॉर्च पाडा. काचा, साचलेले पाणी आणि हिवाळ्यात झोपलेली वटवाघळे सापडतात. वटवाघळांना कायद्याचे संरक्षण आहे, ती दिसली तर मागे फिरा.

तुमच्यासाठी दिवसाची आखणी अशी करतो. डेंजचा खुला दिवस मिळाला तर सकाळी फोकस्टन, बसने हाइथ, तिथून छोट्या गाडीने रॉमनी सँड्स, डेंज आणि परत. त्या दिवशी ॲबट्स क्लिफ जोडू नका, गोट्यांवर चालून पाय भरून येतात. नाही मिळाला तर सकाळी ॲबट्स क्लिफ निवांत करा, दुपारी टॉन्टीन स्ट्रीट आणि बंदर. फोकस्टन ते डोव्हर हे सगळे कड्यावरून चालत गेलात तर बारा किलोमीटरच्या आसपास भरते, ते मुलीला आणि जावयांना करू द्या. रेल्वेच्या तिकिटासाठी साठीवरच्यांना सीनियर रेलकार्ड मिळते, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो, भाडे एक तृतीयांशाने कमी होते. फक्त लंडनच्या परिसरात सकाळच्या गर्दीच्या वेळी ते चालत नाही, तेव्हा नऊ-साडेनऊनंतरची गाडी धरा. पहाटेची शांतता हवी असेल तर आदल्या रात्री फोकस्टनला मुक्काम करणे हाच उपाय.

एक गोष्ट हमखास चुकते. कड्यावर गेले की मोबाइल समोरच्या फ्रान्सचे नेटवर्क पकडतो आणि घड्याळ आपोआप एक तास पुढे जाते. बस चुकली असे वाटून माणसे धावपळ करतात, किंवा रोमिंगचे पैसे जातात. निघतानाच फोनची आपोआप वेळ बदलण्याची सोय आणि रोमिंग बंद करा, नेटवर्क हाताने निवडा, आणि मनगटी घड्याळ घाला.

डेंजचे आरसे संरक्षित स्मारक आहेत. अशा ठिकाणी परवान्याशिवाय धातुशोधक यंत्र चालवणे हा 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि सुटलेला काँक्रीटचा तुकडा आठवण म्हणून खिशात घालणेही करू नये. ड्रोन घेऊन जाऊ नका, नॅशनल ट्रस्टच्या जमिनीवर त्याला मनाई आहे, आणि डेंजला घरट्यांवरचे पक्षी आणि विमानतळ दोन्ही आहेत. उंच गवतातून चाललात तर संध्याकाळी गुडघ्यामागे आणि मोज्यांच्या कडेला गोचीड आहे का ते पाहा. असली तर बारीक चिमट्याने, कातडीला लागून धरून सरळ वर ओढा, पिळू नका, तेल-रॉकेल लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी लाल वर्तुळ उमटले तर डॉक्टरांना दाखवा.